दक्षिणेचं पाखं

१५ मार्च २०२५, शनिवार

सोलरवाला येऊन गेला. अंगणात उभं राहूनच वर पाहिलं. "काकू, कौलावर आम्ही करत नाही. पत्रा टाका नाहीतर स्लॅब टाका, मग फोन करा." चहाला थांबला नाही.

बातमीत आकडा आहे. सूर्यघर योजनेत देशभरात दहा लाख घरांवर पॅनेलं बसली. योजना सुरू झाली १३ फेब्रुवारी २०२४ ला. २ किलोवॉटला ६०,००० रुपये अनुदान, ३ किलोवॉटला ७८,०००. त्या दहा लाखांत कौलारू घरं किती?

१६ मार्च, रविवार

धाकट्या मुलाचं म्हणणं, कौलं उतरवून टाकू. पत्रा, त्यावर पॅनेल. आठवड्यात काम संपेल.

सासरे, आमचे अण्णा, खाटेवरून बोलले, "मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली झोपून दाखव. मग उतरव."

जेवणं मुकाट झाली.

१८ मार्च

घर १९६३ चं. पानशेतचं धरण फुटलं १९६१ च्या जुलैत, त्यानंतर दोन वर्षांनी आजेसासऱ्यांनी बांधलं. पुण्यातलं बिबवेवाडी तेव्हा गाव होतं. अण्णा सांगतात, ओट्यावरून पर्वती दिसायची. आता ओट्यावरून समोरच्यांचं पार्किंग दिसतं आणि नैऋत्येला अकरा मजली इमारत.

आढं एक, पाखी दोन. दक्षिणेचं आमचं, उत्तरेचं चुलतदिरांचं. वाटणीत आढ्याखालून भिंत घातली. वासे मात्र दोन्हीकडून एकाच आढ्याला टेकलेले.

२० मार्च

मागच्या खोलीतलं फुटकं कौल उतरवलं. मंगलोरी. पाठीवर कारखान्याचं नाव, खाली मंगलोर. बोटानं घासलं तर अक्षरं अजून उठून येतात. कडेला भट्टीतला काळा डाग.

बासल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसानं १८६० च्या दशकात मंगलोरला हा कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची माती. त्याआधी आपल्याकडे नळे होते, कुंभारानं चाकावर काढलेले, दर उन्हाळ्यात परतावे लागणारे. मंगलोरी कौल साच्यातलं. एकाची खाच दुसऱ्यात बसते.

परदेशी माणसानं आणलेली वस्तू. शंभर वर्षांत आपलं घर म्हटलं की हीच डोळ्यासमोर यायला लागली.

२२ मार्च, शनिवार

कौल पिशवीत घालून मार्केट यार्डात गाळ्यावर नेलं. गुळाच्या काट्यावर ठेवलं. २ किलो ४०० ग्रॅम. हमाल हसले नाहीत, उलट एकानं सांगितलं, "आमच्या वेल्ह्याला नळेच आहेत अजून."

संध्याकाळी बादलीत बुडवून ठेवलं.

२४ मार्च

तेच कौल, भिजलेलं. २ किलो ७५०. साडेतीनशे ग्रॅम पाणी पिऊन बसलं. पावसाळ्यात पिणार, उघडीप पडली की सोडणार. म्हणून खाली गार.

हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर :
एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण १५० कौलं. कोरडी ३६० किलो. ओली ४०० च्या वर.
पॅनेल ५४० वॉटचं, सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी रुंद, वजन २८ किलोच्या आसपास. शंभर चौरस फुटांत चारही मावत नाहीत, म्हणजे १०० किलोच्या आसपास.

कौलाच्या जागी पॅनेल बसलं तर वाशांवरचं ओझं उतरतंच. सगळे जण वजनाची भीती घालत होते.

२५ मार्च

लेकीला आकडे दाखवले. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकलला. म्हणाली, "आई, वजन नाही, वारा बघ. कौल आपल्या वजनानं बसतं. पॅनेलला वारा खालून उचलतो. वाशाला बोल्ट हवा."

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी वळचणीच्या वाशाला बांधली. लेकीनं तिच्या काठीला होकायंत्र लावून दिशा पाहिली, मोबाइलनं उतार मोजला. पाखं जवळपास नेमकं दक्षिणेला. उतार २८ अंश. पुण्यात पॅनेलला १८-१९ पुरतात. आमचं जरा उभं आहे. हिवाळ्यात ते बरंच.

श्रीखंड कमी पडलं. चुलतजावेकडून वाटी आली.

२ एप्रिल

सव्वातीनला इमारतीची सावली पाख्याच्या पश्चिम टोकाला लागते. चारला मधोमध. खडूनं भिंतीवर खुणा केल्या आहेत, अण्णा पुसू देत नाहीत.

पॅनेलं एका माळेत जोडतात. एकावर सावली पडली तरी सगळ्या माळेची वीज खाली येते. पॅनेलच्या आत बायपास डायोड असतात, ते थोडं सावरतात, सगळं नाही. म्हणून पूर्वेच्या अंगाला बसवायची. चार पॅनेलं, दोनाखाली दोन. सव्वादोन किलोवॉटला थोडं कमी.

४ एप्रिल

रात्री लेकीनं फोनवर दाखवलं. इटलीत पॉम्पेईला, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेल्या त्या गावात, वेत्ती यांच्या घराच्या छपरावर रोमन कौलांसारखी दिसणारी सौर कौलं आहेत. व्हिचेन्झाजवळची द्याक्वा नावाची छोटी कंपनी ती हातानं करते. वरचा थर पॉलिमरचा, डोळ्याला भाजक्या मातीसारखा. प्रकाशाला मात्र आरपार वाट देतो. खाली सौरघट. पर्यटकांना कळतही नाही.

बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते. आपण म्हणतो तसंच कुणीतरी केलंय.

५ एप्रिल

अजून एक. स्वित्झर्लंडमधल्या एक्युव्हिलेन्स गावी, २०१८ ला, जुन्या शेतघरावर विटकरी रंगाची पॅनेलं. घर जपायच्या यादीतलं, म्हणून निळी-काळी काच चालत नव्हती. न्यूशातेलच्या संशोधन संस्थेनं रंग बसवला.

बासल स्वित्झर्लंडचंच. तिथल्या मिशननं आपल्याला हे कौल दिलं. आता त्याच देशातली माणसं कौलाच्या रंगाचं पॅनेल करताहेत. आपल्या माणसांनी का करू नये?

रंग दिला की उजेडाचा काही भाग परत जातो, वीज कमी होते, असं लेक सांगते. अमेरिकेत टेस्लानं २०१६ ला सौर छप्पर दाखवलं, तेही काचेचं आणि महाग. हैदराबादची विसाका कंपनी सिमेंटच्या बोर्डात बसवलेली पॅनेलं विकते, पण ते अख्खं छप्परच नवं. आम्हाला जुन्यात बसवायचं आहे.

६ एप्रिल, रामनवमी

आपल्या ऐपतीत बसेल ते असं : पॅनेल साधंच, देशी बनावटीचं, अनुदानाला चालणारं. पण कौलांच्या वर लोखंडी मांडव घालून नाही. मधली कौलं काढून त्यांच्या जागी, कौलांच्याच पातळीत. चारी बाजूंनी कौलं तशीच.

धाकटा म्हणाला, "दिसायला काय करायचंय?"

मला करायचंय. रोज मीच बघते त्या घराकडे.

८ एप्रिल

स्वयंपाकघरावर काचेचं कौल आहे. आजेसासूबाईंनी हट्टानं बसवून घेतलं होतं. चूल अंधारात होती म्हणून. साडेअकराला उजेडाचा चौकोन ओट्यावर येतो, मी भाकरी तिथंच थापते. मातीच्या कौलांमध्ये काच बसते, गळत नाही, साठ वर्षं झाली. साचा तोच आहे, फक्त माल वेगळा.

१० एप्रिल

माळ्यावर थर्मामीटर ठेवला. दुपारी तीनला ३७. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत ४४. बाहेर ३९.

कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. तीच फट पॅनेललाही हवी. २५ अंशांच्या वर दर अंशाला पॅनेलची ताकद साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. भर उन्हात पॅनेल ६५ ला पोचलं तर सोळा टक्के गेले. छपरात घट्ट बसवलं की तापतंच. लेकीनं चित्र काढलं : खाली पत्र्याचं ताट, त्यावर तीन इंच पोकळी, मग पॅनेल. खालच्या कडेनं हवा शिरेल, वरच्या कडेनं निघेल. खालच्या तोंडाला जाळी, उंदीर-चिमण्यांसाठी.

१२ एप्रिल

हनुमान जयंती. अण्णांना चक्कर. डॉक्टर म्हणाले, ऊन.

१३ एप्रिल, रविवार

जुन्या बाजारात गेले, मंगळवार पेठेत. पेठांतले वाडे पडताहेत, त्यांचे दरवाजे, कड्या, कौलं तिथं येतात. कौलांची रास होती. आमचं एक बरोबर नेलं होतं, एकेक लावून पाहिलं. एकही बसलं नाही. कुठं खाच अर्धा सूत पुढं, कुठं रुंदी कमी. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. एकाच छपरावर दोन साचे चालत नाहीत.

खानापूरला, बेळगाव जिल्ह्यात, अजून कौलं निघतात. फोन केला. ते म्हणाले, नमुना पाठवा.

१६ एप्रिल

भोरकडचे मामा आले. अण्णांच्या ओळखीतले. सत्तरी ओलांडलेली. आयुष्यभर कौलं परतली. पायातल्या वहाणा खाली काढल्या, कनवटीला तंबाखू, शिडी लावून वर.

लेक मागोमाग. मी खालून ओरडले. मामा म्हणाले, "येऊ द्या वहिनी. फक्त मी सांगतो तिथंच पाय."

कौलाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. वरचं कौल खालच्यावर जिथं चढतं तिथं, त्याच्याखाली रीप असते. पाय तिथं. आणि टाच नाही, चवडा. दोन पायांचं वजन दोन रिपांवर वाटून.

लेक आढ्यापर्यंत गेली. एकही कौल तडकलं नाही. सोलरवाली पोरं कौलाला का भितात ते कळलं. त्यांना पाय कुठं ठेवायचा हे कुणी दाखवलेलंच नाही.

१७ एप्रिल

मामांनी वासे ठोकून पाहिले. आवाजावरून सांगितलं, दोन गेलेत. वाळवी. बाकीचा साग खणखणीत.

टिंबर मार्केटात भाव काढला. भवानी पेठेत वाड्याचा जुना साग मिळतो.

२१ एप्रिल

धनकवडीचा एक तरुण ठेकेदार तयार झाला. "कौलावर कधी केलं नाही. पण हे मामा वर असणार असतील तर करू." पहिला माणूस, जो नाही म्हणाला नाही. अंदाज सव्वा लाखाच्या पुढं, पत्र्याचं काम वेगळं.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत इमारतीच्या अंगातच बसवलेल्या पॅनेललाही जागा दिली आहे. लेकीनं ते पान छापून आणलं. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी अडून राहायचं नाही, असाही नियम आहे.

२३ एप्रिल

अडलं. मीटर आजेसासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन चाळीस वर्षं झाली. अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्याचाच. आधी नाव बदला. त्याला वारसांच्या सह्या.

म्हणजे चुलतदिरांची सही.

२४ एप्रिल

हे जाऊन आले. चुलतदीर म्हणाले, "पाखं तुमचं. आढं दोघांचं. आढ्याला हात लागणार, उद्या आमच्याकडं गळलं तर?"

प्रश्न चुकीचा नाही.

२७ एप्रिल

झोप नाही. जागा मागणाऱ्या बिल्डरचा माणूस पुन्हा येऊन गेला, चुलतदिरांकडे. अर्धा तास आत. छपरावर पैसे घालायचे आणि दोन वर्षांत सगळंच पाडायचं ठरलं तर?

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आंब्याची पेटी घेऊन मामांना बरोबर नेलं. मामांनी चुलतदिरांच्या ओट्यावर बसून सांगितलं, "दादा, मी आढ्यावरची कौलं दोन्हीकडची नवीन चुन्यात बसवून देतो. तुमच्या बाजूची मजुरी नको. गळलं तर माझ्या नावानं हाक मारा."

सही झाली.

आणि चुलतदीर आपणहून म्हणाले, बिल्डरला नाही सांगितलंय.

१ मे

सुट्टी. साखरझोप.

५ मे

कोंढवा रस्त्यावरच्या फॅब्रिकेटरकडे ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवायला दिला. मामा स्वतः आले. पोरानं बोल्टाची भोकं सपाटीवर आखली होती. मामांनी खडूनं खोडली. "भोक उंचवट्यावर. नळीत भोक पाडलं की पाणी तिथंच मुक्काम करतं."

ठेकेदारानं वहीत लिहून घेतलं.

९ मे

नाव बदलून आलं. अर्ज भरला. फोटो, आधार, बिल, बँक पासबुक. लेकीनं सगळं पोर्टलवर चढवलं.

१३ मे, मंगळवार

शून्य सावली. पुण्यात वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. बारा वाजून एकतीस मिनिटांनी अंगणात पाण्याचा तांब्या ठेवला. सावली तांब्याखालीच. अण्णांना खुर्चीवर बसवून दाखवलं.

आज सूर्य बरोबर डोक्यावर. उद्यापासून दुपारचा सूर्य उत्तरेला झुकणार, जुलैअखेरपर्यंत. वर पाहिलं. उत्तरेचं पाखंही लख्ख तापलेलं. चुलतजाऊ तिकडच्या दारात उभी होती, तिला बोलावून दाखवलं. ती तांब्याकडं कमी आणि छपराकडं जास्त बघत होती.

१६ मे

उद्यापासून काम. धान्याचे डबे, गाद्या, देव पुढच्या खोलीत.

१७ मे, शनिवार

दीडशेच्या वर कौलं उतरली. मामा वर, पोरं शिडीवर साखळी करून, मी आणि लेक खाली. एकेक कौल हातात आलं की आधी टिचकी. खण वाजलं तर उजवीकडे, भद वाजलं तर डावीकडे. डावीकडे मोजकीच. उजवीकडची भिंतीला टेकवून उभी रचली, आडवी नाही. आडवी रचली की खालची फुटतात.

छपराला आभाळाएवढं भोक. घरात कधी न पाहिलेले कोपरे दिसले. माळ्यावर आजेसासूबाईंचं जातं सापडलं.

१८ मे

दोन वासे बदलले. रिपा नव्या.

१९ मे

आभाळ भरून येतंय. वेधशाळा म्हणते, यंदा लवकर. मामा मान वर करून नुसतं बघत राहिले.

२० मे, मंगळवार

दुपारी वळीव. वीज, वारा, मग धो धो. पत्र्याचं ताट अजून अर्धंच बसलेलं. ताडपत्री ओढली, वाऱ्यानं एक कोपरा फाडला. मामा पाख्यावर पालथे झोपून ताडपत्री दाबून. ठेकेदाराचं एक पोरगं त्यांच्या शेजारी, तसंच पालथं. मी खालून ओरडत होते, ऐकू कुणाला जाणार?

पाणी घरात आलं. जमीन भिजली. माणसं सुखरूप.

सात वाजता थांबलं. मामांना आल्याचा चहा, ओलं धोतर बदलायला ह्यांची लुंगी. त्या पोराच्या कोपराला खरचटलं, हळद लावली. रात्री बातम्यांत शहरभर पाणी, झाडं पडलेली.

२१ मे

थांबायचं का, ठेकेदारानं विचारलं. मामा म्हणाले, "उघडं ठेवून थांबता येत नाही. मिटवून थांबू."

२२ मे

आज मामांच्या शेजारी शिडीवर उभी राहून बघितलं.

ताटाची वरची कड आढ्याकडच्या कौलांच्या ओळीखाली, वीतभर आत. कडांना दोन्ही बाजूंनी पत्रा वर वळवलेला, त्यावर कौलाचा काठ टेकलेला. खालची कड मात्र खालच्या ओळीच्या कौलांच्या वर. वरचं खालच्यावर. कौलांचा जो नियम तोच ताटाचा. मामा बोटानं वरपासून खालपर्यंत रेघ ओढत गेले. "पाण्याला वरनं खाली यायचंय. वाटेत कुठं उलटं तोंड दिसता कामा नये." एका जागी दिसलं. शिवणीची दुमड उलटी. ती उघडून पुन्हा वळवली. सिलिकॉन लावू, असं पोरगं म्हणालं. मामा म्हणाले, "लाव. पण त्याच्या भरवशावर नको."

२३ मे

पॅनेलं बसली. बोल्ट थेट वाशांत, उंचवट्यांवरून, रबरी वायसर घालून. तीन इंचांची पोकळी. वारा पाहायला लेकीनं खालच्या कडेला उदबत्ती धरली. धूर आत गेला, वरच्या कडेनं बाहेर आला. सगळे टाळ्या वाजवायला लागले, अण्णासुद्धा.

रस्त्यावरून पाहिलं. मातीचा लाल आणि मधोमध गडद निळा चौकोन. वर काही डोकं काढून उभं नाही. घर घरासारखंच.

२४ मे

अर्थिंग, लायटनिंग अरेस्टर, इन्व्हर्टर ओटीच्या भिंतीला. आढ्यावरची कौलं दोन्हीकडून मामांनी बसवली, बोलल्याप्रमाणे. संध्याकाळी पुन्हा सरी.

२६ मे, सोमवार

मान्सून पुण्यात आला. मुंबईतही आजच. दरवर्षी जूनचा पहिला आठवडा तरी उलटतो. अण्णांच्या आठवणीत मे महिन्यात असा आलेला नाही.

रात्रभर पाऊस. बॅटरी घेऊन दर तासाला माळ्यावर. दोन वाजता एक थेंब, पूर्वेच्या कडेला. मग दुसरा. थाळी ठेवली.

२७ मे

पावसाची उघडीप पाहून मामांनी एकच कौल सरकवलं. कौलाच्या खाचेत कालच्या वाऱ्यानं काडी-कचरा अडकला होता, पाणी उलटं चढत होतं. काडी काढली.

थेंब बंद.

३० मे

चुलतदिरांकडे एक थेंब नाही. चुलतजावेनं सकाळी मुद्दाम येऊन सांगितलं. भाकरीचा तुकडा मोडत उभीच राहिली, काहीतरी विचारायचं होतं. विचारलं नाही.

४ जून

तपासणी झाली. नेट मीटर लागायचा आहे.

१० जून, वटपौर्णिमा

सत्यवान-सावित्रीच्या पूजेला निघताना नेट मीटर बसवायला माणसं आली. फांदी पाटावर ठेवून त्यांना चहा केला. महावितरणच्या मीटरवर आता दोन आकडे : घेतलेली वीज, दिलेली वीज.

दुपारी दीड. "दिलेली" हलली.

११ जून

ढग. दिवसाला ३.१ युनिट.

१३ जून

सकाळी ऊन. ८.७.

१४ जून

धाकटा रोज इन्व्हर्टरचा आकडा मित्रांना पाठवतो. पत्र्याचं नाव घेत नाही.

१६ जून

ढगांचे दिवस. तरी जवळपास घरापुरती वीज होते. पावसाळा संपला की २ किलोवॉटला दिवसाला आठ युनिटं धरायची, महिन्याला २४० च्या आसपास. आमचं लागतं १८०-१९०.

महापालिका मिळकतकरात सूट देते : सौरऊर्जा, पर्जन्यजल, गांडूळखत यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १०. पागोळ्यांखाली पन्हळ लावली की दुसरंही होईल. कौलांवरचं पाणी स्वच्छ असतं.

२० जून

माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. दिंडीतले आमच्या गावाकडचे पाहुणे जेवायला. पिठलं-भाकरी. जेवणानंतर सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला, ओटीवर वायरींचं जाळं. एका आजोबांनी विचारलं, "पैसे?" लेक म्हणाली, "सूर्याचं आहे, आजोबा."

त्यांनी छपराकडे पाहून हात जोडले.

२२ जून

पालख्या दोन रात्रींनी पुढं. माउलींची आता दिवे घाटात.

मनात घोळतंय. खानापुरात खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे. कौल भाजणारा आणि सौरघट बसवणारा एका जागी बसले पाहिजेत. नवा साचा निघाला पाहिजे : तेच कौल, तीच खाच, वरच्या तोंडाला घटाची जागा, खाली हवेची वाट. चार पॅनेलांसाठी ताट वाकवायची गरज पडणार नाही. मामांसारखी माणसं हयात आहेत तोवर हे व्हायला हवं. पत्र लिहायला घेतलं आहे. साच्याचं माप, उताराचे अंश, थर्मामीटरचे आकडे, सगळं जोडते.

२४ जून

पत्र टाकलं.

२७ जून, शुक्रवार

चुलतजाऊ आली. या वेळी विचारलं. "आमचं पाखं उत्तरेला. आमचं काय?"

लेकीनं कागद घेतला. मे ते जुलै उत्तरेला ऊन भरपूर. हिवाळ्यात कमी, वर्षाच्या हिशेबात दक्षिणेपेक्षा बरंच कमी. पण शून्य नाही. पॅनेलं एक-दोन जास्त लावली तर घरापुरतं भागेल. त्यांच्या बाजूला इमारतीची सावली नाही, हा मोठा फायदा.

आणि त्यांची वीस-पंचवीस कौलं तडकलेली आहेत. बाजारात तो साचा मिळत नाही. आमच्या भिंतीला दीडशे उभी आहेत.

"आपलीच आहेत ती," मी म्हणाले. "एकाच गाडीतून आली होती."

२८ जून, शनिवार

ठेकेदाराचा फोन. धनकवडी गावठाणातल्या दोन कौलारू घरांनी विचारलंय, कात्रजच्या एकानं. दिवाळीनंतर, कोरड्यात. उत्तरेचं पाखंही तेव्हाच.

त्याला एकच अट घातली. मामा वर असणार आणि त्यांची मजुरी वायरमनइतकी. मदतनीस म्हणून नाही, कारागीर म्हणून. वळवाच्या दिवशी शेजारी पालथं पडलेलं ते पोरगं त्यांच्या हाताखाली राहणार, पाय ठेवायला शिकणार.

तो हो म्हणाला. तोंडी नको म्हटलं. संध्याकाळी आला, कागदावर लिहिलं, सही केली. मामांनाही सही करायला लावली. पेन घट्ट धरून त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.